पुनाची कल्हई

बोदवडला स्टेशनाकडून गावात येताना डाव्या हाताला पत्र्याचं एक छप्पर लागतं. दारात उपडी घातलेली पितळेची भांडी, कोळशाची भट्टी, आणि लाकडी खोक्यावर बसलेला उखर्डू. साठीला टेकलेला, काटक, कमी बोलणारा माणूस. त्याच्याकडं भांडी येतात ती कल्हई लावायला नाही, असलेली कल्हई काढायला.

त्याच्या नावाची गोष्ट आधी सांगायला हवी. त्याची आई शेवंताबाई हिची तीन मुलं उखर्डूच्या आधी गेली. दोन पाळण्यातच, आणि एक चांगलं चालायबोलायला लागल्यावर, आकडी येऊन. चौथा झाला तेव्हा सुईणीनं त्याला उकिरड्यावर नेऊन ठेवलं आणि शेजारणीनं ‘मले पोरगं सापडलं’ म्हणत उचलून परत आईच्या ओटीत घातलं. टाकून दिलेल्या पोराकडं मरणाचं लक्ष जात नाही, अशी समजूत. म्हणून नाव पडलं उखर्डू. तो जगला, त्याच्या पाठची दोन भावंडंही जगली. शेवंताबाई ही गोष्ट फार कौतुकानं सांगायची.

वडील पुना कल्हईवाले. दिवाळी झाली की भाता, कोळसा, नवसागर आणि कथलाच्या काड्या घेऊन ते बाहेर पडत, आधी बैलगाडीनं आणि पुढं सायकलवर. पूर्णेच्या काठची केळीची गावं, अलीकडची कपाशीची गावं, सगळीकडं त्यांची घरं ठरलेली. पिंपळाखाली भट्टी लागली की बायका घरातली भांडी काढून आणत. काळवंडलेलं पातेलं आत गेलं की चांदीसारखं होऊन बाहेर यायचं. जी कल्हई फारच खराब झाली असेल ती आधी पूर्ण काढावी लागे. भांडं तापवायचं, कथील वितळलं की कापसाच्या बोळ्यानं पुसून घ्यायचं, आणि उरलेलं तेजाबानं सोडवायचं. या कामाला पुनाचा एक शब्द होता, उकल्हणं. ‘आधी उकल्ह, मग लाव’, असं ते उखर्डूला सांगत. हा शब्द कुठल्या कोशात मिळायचा नाही. त्यांच्या घराबाहेर तो कोणी बोलतही नव्हतं.

पुढं स्टील आलं आणि सगळं बसलं. पुना गेले. उखर्डू भुसावळला एका भांड्यांच्या दुकानात कामाला लागला. बायको आजारपणात गेली, मुलगा तेजस चाळीसगावला मोबाईलच्या दुकानात रमला. उखर्डू आईला घेऊन बोदवडलाच राहिला. भट्टी पुन्हा पेटेल असं त्याला कधी वाटलं नव्हतं. पण जळगावचे कन्हैयालालशेठ एक दिवस गाडी घेऊन दारात आले. मूळचे राजस्थानचे, तीन पिढ्या भांड्यांच्या व्यापारात. गावोगावची जुनी पितळ-तांब्याची भांडी ते विकत घेत आणि मोठमोठ्या हॉटेलांना, बंगल्यांना शोभेसाठी विकत. लोकांना भांडं आतूनही सोन्यासारखं दिसायला हवं होतं. कल्हईचा पांढरा थर त्यांना नको होता.

“काढता येईल का, उखर्डूभाऊ?” त्यांनी विचारलं.

“उकल्हायचं ना? येईल की.”

“उकलायचं?”

“नाही शेठ. उकल्हायचं.”

शेठ हसले आणि तो शब्द त्यांनीही उचलला. पुढची काही वर्षं गाड्या येत राहिल्या. पुसून काढलेलं कथील उखर्डू साठवायचा, वितळवून त्याच्या काड्या ओतायचा आणि शेठना द्यायचा. कथील महाग. ते फेकायची रीत नव्हती.

गेल्या उन्हाळ्यात धामणखेड्याहून एक गाडी आली. सात-आठ गंज म्हणजे उभी पातेली, दोन पराती, एक घंगाळ. पहिलाच गंज हातात घेतला आणि उखर्डू थबकला. काठाच्या खाली छिन्नीनं उठवलेली पक्ष्याच्या पावलासारखी तीन रेघांची खूण होती. पुना कल्हई केलेल्या भांड्यावर ती खूण करत. वडलांच्या हातचं काम इतक्या वर्षांनी आपल्या हातात आलं म्हणून त्याला आधी बरं वाटलं. त्यानं आईला हाक मारून भांडं दाखवलं. शेवंताबाई आता पंच्याऐंशीच्या घरात आहे, नजर अधू झाली आहे. तिनं खुणेवरून बोट फिरवलं आणि ती आत गेली.

उखर्डूनं गंज भट्टीवर धरला. भाता नुकता धरला होता, निखारा पुरता फुललाही नव्हता, तोच आतला थर ओघळायला लागला. कथील एवढ्यात वितळत नाही. त्याला वाटलं, उन्हामुळं असेल. त्यानं पुसून घेतलं. बोळा नेहमीपेक्षा काळा झाला. दुसऱ्या भांड्याचं तसंच, तिसऱ्याचं तसंच. जमलेल्या धातूची त्यानं एक काडी ओतली, थंड झाल्यावर कानाजवळ धरून वाकवली.

शुद्ध कथील वाकवलं की कुरकुरतं, दाताखाली खडा आल्यासारखं. ते प्रत्येक कल्हईवाल्याला ठाऊक असतं. ही काडी मऊ वाकली. आवाज नाही. उखर्डूनं ती सरळ केली, पुन्हा वाकवली. मग दारच्या चुन्याच्या भिंतीवर तिचं टोक ओढलं. पेन्सिलीसारखी करडी रेघ उमटली.

शिसं. थोडंथोडकं नाही, निम्म्याच्या वर.

शिसं स्वस्त असतं, कथलात सहज मिसळतं, आणि लावलं की भांडं तसंच पांढरं दिसतं. पोटात गेलं की काय करतं, हेही त्या धंद्यात सगळ्यांना माहीत असतं. पुनानंच त्याला लहानपणी सांगितलं होतं. शिशाची कल्हई करणारा माणूस कसाई, असं म्हणाले होते.

त्या दिवशी त्यानं भट्टी विझवली. खोक्यावर बसून राहिला. त्याला वडलांचा शेवट आठवत होता. शेवटची दोन वर्षं पुनाचा उजवा पंजा मनगटातून लोंबायचा, उचलला जायचा नाही. हिरड्यांच्या कडेला निळसर काळी रेघ आली होती. पोटात कळ आली की जमिनीवर लोळायचे. लोक म्हणाले अंगावरून वारं गेलं. घरच्यांनीही तेच धरलं होतं.

आई आत ज्वारी निवडत होती. तिला दाणे दिसत नाहीत, बोटांनी निवडते. उखर्डू तिच्यासमोर बसला.

“माय, आबा कथलात शिसं मिसळत व्हते का?”

तिची बोटं चालत राहिली.

“मले काय माहीत. मी काय भट्टीवर व्हती?”

“भाता तूच ओढे. मले आठवतं.”

 उखर्डू उठला नाही. शेवटी ती बोलली, सूप खाली न ठेवता.

“तुह्या वेळेले मी भरल्या पोटी व्हती. आधीची तिन्ही गेलेली. एके दिवशी त्यानं घरातले सारे भांडे अंगनात मांडले. एकूण एक. पानी प्यायचा गडवा बी. सारे उकल्हले अन् दुसऱ्या काड्या आनून नवी कल्हई केली. मी म्हनलं, आत्ताच त केली व्हती. तो म्हने, तू बोलू नको.”

“मंग?”

“मंग तू झाला. जगला.”

“अन् बाहेरच्यांचे भांडे?”

शेवंताबाईनं सूप बाजूला सारलं. तिचा चेहरा उखर्डूकडं नव्हता, दाराच्या उजेडाकडं होता.

“बाहेर तेच चाललं. घरात खानारे तोंड वाढले व्हते. मी इचारलं नाही, उखर्डू. इचारलं असतं त त्यानं सांगितलं असतं. म्हनून इचारलं नाही.”

दुसऱ्या दिवशी गाडीवाल्याकडून घराचं नाव घेऊन तो बस धरून धामणखेड्याला गेला. वाटेत प्रत्येक थांब्यावर कोणी ना कोणी कोणाला हाक मारत होतं, आणि त्याच्या कानावर नावं पडत होती. कचरू. सुपडू. धोंडू. उखा. पोरं जगत नसली की ठेवायची नावं. खानदेशात ती पूर्वीपासून आहेत, पुनाच्याही आधीपासून, जिथं पुना कधी गेले नाहीत तिथंही आहेत. उखर्डूला हे कळत होतं. तरी प्रत्येक नावासरशी तो हाक मारलेल्या माणसाकडं वळून बघत होता.

गंज ज्या घरातून आले होते ते जीवरामनानांचं घर केळीच्या बागेला लागून आहे. नाना ऐंशीच्या पुढचे, ओट्यावर बसलेले. शेजारी त्यांचा थोरला मुलगा, पन्नाशीचा, गुडघे छातीशी घेऊन बसला होता आणि तोंडातल्या तोंडात एकच आवाज काढत होता. त्याचंही नाव सुपडूच होतं.

नानांनी उखर्डूला ओळखलं नाही. पुनाचं नाव सांगताच मात्र त्यांचा चेहरा फुलला.

“पुनाचा पोरगा तू? अरे, बस, बस. तुहा बाप आला की आमच्याच ओसरीवर मुक्काम करे. लई जीव लावला त्यानं. ह्या सुपडूची दुधाची गंजी व्हती ना, तिच्या कल्हईचे पैसे त्यानं कधीच घेतले नाहीत. म्हने लेकराच्या भांड्याचे पैसे घेऊ नये. दोनदा हात फिरवे तिच्यावर. आरशावानी करे.”

उखर्डूनं सुपडूकडं पाहिलं. सुपडू हसला.

“हा आधीपासून असाच का, नाना?”

“लहानपनी बोले. दोन वर्षाचा असताना मोट पाहून ‘पानी, पानी’ म्हने. मंग आकड्या सुरू झाल्या. याच्या आधीचे दोन गेले, हा राहिला, एवढं तरी राहिलं म्हनायचं.”

आतून एक मुलगी चहा घेऊन आली. नानांची नातसून, मोनाली. तिच्या कडेवर तिची दीड-दोन वर्षांची मुलगी, भूमिका. मोनाली जळगावला शिकलेली, हौशी. नाना म्हणाले, “हिनं आता माळ्यावरचे भांडे खाली काढले. अर्धे इकले, अर्धे वापरते. मोबाईलवर पाहिलं म्हने, पितळेत शिजवलेलं अंगी लागतं.”

“कढी फार छान होते काका त्यात,” मोनाली म्हणाली. “भूमिकाची पेज पण मी त्यातच करते. आतली कल्हई बघा ना, इतकी जुनी असून कशी टिकली आहे.”

ती आत जाऊन एक छोटी गंजी घेऊन आली. काठाखाली तीच खूण. आत ताकाचा पांढरा ओघळ होता, आणि ताक जिथं राहून गेलं होतं तिथं थर करडा पडला होता.

उखर्डू बसमध्ये ठरवून आला होता की कारण सांगायचं नाही. कल्हई जुनी झाली, फुकट काढून देतो, एवढंच म्हणायचं आणि भांडी घेऊन निघायचं. पण ती गंजी पाहिल्यावर त्याला ते जमलं नाही.

“नाना, ही कल्हई शिशाची आहे. माझ्या बापानं शिसं मिसळलं होतं. मी काल काढली तेव्हा मला कळलं.”

नानांना आधी समजलंच नाही. त्यानं पुन्हा सांगितलं. शिसं म्हणजे काय, आंबट लागलं की ते सुटतं, लेकरांच्या डोक्यात जातं, आकड्या येतात. सुपडूचं नाव त्यानं घेतलं नाही.

नानांनी तोंड केळीच्या बागेकडं फिरवलं. मग शांतपणे म्हणाले, “पुना देवमानूस व्हता. तो मेला आता. मेल्या मानसाच्या अंगावर त्याच्याच पोरानं शेन टाकावं, असं मी कधी पाह्यलं नाही. तू चहा घे अन् जाय.”

“नाना, भांडे तरी...”

“जाय.”

उखर्डू उठला. अंगणाच्या बाहेर पडेपर्यंत मागून कोणी आलं नाही. बागेच्या वळणावर मोनालीनं त्याला गाठलं. ओढणीखाली गंजी होती, हातातल्या पिशवीत आणखी दोन भांडी. तिनं ती त्याच्यासमोर ठेवली.

“काका, भूमिका महिनाभर जेवत नाही. पोट दुखतं म्हणून रडते. दात येत असतील म्हणून आम्ही...”  मग तिनं विचारलं, “कुठं दाखवायचं?”

“जळगावला मोठ्या डॉक्टरला. रक्तातलं शिसं तपासा म्हण. तोच शब्द सांग.”

डॉक्टरांनी रक्त मुंबईला पाठवलं. मोनालीनं फोन करून निकाल कळवला. शिसं होतं, असायला हवं त्याच्या कितीतरी पट. वेळेवर आणलंत, असं डॉक्टर म्हणाले. जे झालंय त्यातलं किती परत येईल ते पुढं कळेल. ज्यानं ती भांडी तापवली त्या माणसानंही आपलं रक्त तपासून घ्यावं, असंही त्यांनी सांगितलं होतं. उखर्डू बरं म्हणाला. तो अजून गेलेला नाही.

त्यानंतर त्यानं शेठचं काम बाजूला ठेवलं आणि वडलांच्या वाटेनं निघाला. ज्या गावांची नावं आठवत होती ती आधी, मग आईकडून काढून घेतलेली. आई एकेक नाव द्यायची आणि मान फिरवायची. काही घरांतून लोकांनी मुकाट्यानं भांडी काढून दिली. काही घरांत त्याला उभं केलं नाही. एका गावात अफवा उठली की म्हातारा भांड्यातली चांदी काढून नेतो, आणि चार तरुणांनी त्याला बसथांब्यापर्यंत हाकललं. त्या गावात किती भांडी राहिली ते त्याला माहीत नाही. लोक आता माळ्यावरची भांडी खाली काढत आहेत, सगळीकडेच.

उन्हाळा सरता सरता कन्हैयालालशेठ आले. त्यांच्या कानावर गोष्ट गेली होती. ते वाईट माणूस नाहीत. रागावले नाहीत, खोक्याशेजारी बसले.

“उखर्डूभाऊ, जे झालं ते तुमच्या वडलांनी केलं. तुम्ही गावोगाव सांगत फिरलात तर जुनं भांडं कोणी हातात धरणार नाही. माझा धंदा जाईल, तुमचं काम जाईल.”

“शोभेला ठेवायचं असेल तर ठेवू द्या, शेठ. मी नाही म्हणत नाही. पण खाण्याच्या भांड्यात...” बोलता बोलता उखर्डू थांबला. त्याच्या मनात एक गोष्ट आली होती. “शेठ, मी इतकी वर्षं तुम्हाला काड्या ओतून दिल्या. काढलेल्या कथलाच्या. त्या तुम्ही कुठं दिल्या?”

“विकल्या. कथील आहे, ठेवून काय करणार?”

“कोणाला?”

शेठनी खांदे उडवले. “कल्हईवाल्यांनाच. आता परत लोक कल्हई करून घेतात ना. नवीन पोरं आली आहेत या धंद्यात. भुसावळ, मलकापूर, धुळ्यापर्यंत माल जातो. बाजारापेक्षा स्वस्त देतो मी, म्हणून...”

ते मध्येच थांबले. उखर्डूच्या तोंडाकडं पाहत राहिले.  पुनाची भांडी धामणखेड्याच्या गाडीआधीही आली असतील. खूण झिजलेली, पाहिली नसलेली. उखर्डूनं स्वतःच्या हातानं त्यांच्यातलं शिसं पुसून काढलं होतं, साठवलं होतं, नेटक्या काड्या ओतल्या होत्या. कधी एखादी वाकवून पाहिली नव्हती. गरजच वाटली नव्हती.

“परत मागवा,” तो म्हणाला.

“कोणाकडून मागवू, भाऊ? त्या काड्या आता भांड्यांत आहेत.”

शेठ गेले ते पुन्हा आले नाहीत. ओळखीच्या कल्हईवाल्यांना मी फोन केले, असं त्यांनी निरोपात कळवलं. सगळ्यांना लागले का, ते त्यांनी सांगितलं नाही, आणि उखर्डूनंही विचारलं नाही. मग त्याच्या लक्षात आलं की आपण विचारलं नाही, आणि त्यानं उठून शेठना फोन लावला. पलीकडं नुसती घंटी वाजत राहिली.

आता तो रोज सकाळी भट्टी लावतो. जी भांडी मिळतात ती उकल्हतो आणि निघालेलं शिसं-कथील एका डब्यात घालून घरामागं खोल खड्ड्यात पुरतो. भूमिका जेवायला लागली आहे, असं मोनाली कळवते. बोलायला मात्र अजून लागली नाही. जीवरामनाना उखर्डूचं नाव काढू देत नाहीत. शेवंताबाईनं जेवण कमी केलं आहे. तिन्ही गेलेल्या मुलांची नावं ती कधी सांगत नसे, अलीकडं सांगते, भाकरी थापताना, कोणी ऐकत असो नसो.

परवा दुपारी रिक्षातून एक बाई उतरली. मलकापूरहून आली होती. विशीतली, मजुरीला जाणारी दिसत होती. एका हातात फडक्यात बांधलेलं पातेलं, दुसऱ्या हातानं धरलेला चार वर्षांचा मुलगा. मुलगा पाय ओढत चालत होता. तिनं छपराखाली येऊन विचारलं, पुना कल्हईवाल्याचं घर हेच का.

“हेच. पातेलं किती जुनं आहे?” उखर्डूनं विचारलं. काठाखाली खूण शोधायला त्यानं ते उलटं केलं. खूण नव्हती.

“जुनं नाही बाबा. माझ्या लग्नातलं आहे. गेल्या दिवाळीला बाजारात कल्हई करून घेतली.”

उखर्डूनं पातेलं खाली ठेवलं. आतला थर नवा होता, लखलखीत.

“बाजारात आनखी किती जनींनी केली तुह्यासोबत?” त्यानं विचारलं.

तो हे का विचारतोय ते बाईला कळलं नाही. ती आठवून बोटं मोजायला लागली, मग तिनं सोडून दिलं.

“रांग व्हती, बाबा,” ती म्हणाली. “मोठी रांग व्हती.”